चेंडूकडून अंगाकडे : गोल्फ स्विंगच्या कामाच्या नोंदी, नागपूर

१० नोव्हेंबर २०२४

काटोल रोडवरच्या परसात सरावाचं जाळं उभं झालं. कामं दोनच. सात नंबर आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) सरळ आणि भरीव बसायला हवं, आणि ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचा) स्लाइस, म्हणजे चेंडूचं उजवीकडे वळत जाणं, आटोक्यात यायला हवं. स्विंग देखणा व्हावा असं कुठेही ठरलेलं नाही. अमेरिकी गोल्फपटू जिम फ्युरिकचा क्लब एका वाटेनं वर जातो आणि वळसा घेऊन भलत्याच वाटेनं खाली येतो. त्याच स्विंगवर त्यानं २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूर या अमेरिकी व्यावसायिक मालिकेत ५८ फटक्यांत फेरी काढली. त्यामुळे इथला क्रम नेहमीच्या उलट राहील. आधी चेंडू काय करतो ते, मग क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग, पुढे नुसता फेस), मग पाथ (माराच्या वेळी क्लब जातो ती वाट), आणि खांदे-कंबर-गुडघे सगळ्यात शेवटी. दिशा उजव्या हाताच्या खेळाडूच्या आहेत. डावखुऱ्यांनी उलट वाचाव्या.

जाळ्याविषयी. सीताबर्डीच्या बाजारात क्रिकेटचं जाळं लगेच मिळतं, पण त्याची घरं बहुधा ४५ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा. तो आरपार तरी जातो नाहीतर घरात रुतून बसतो. २५ मिलिमीटरचं घर मागून घ्यावं, आकार ३ बाय ३ मीटरपेक्षा लहान नको. ताणून बांधू नये, ताणलेलं जाळं चेंडू परत फेकतं. वरून सैल सोडायचं, खालचा अर्धा मीटर जमिनीवर लोळू द्यायचा, आणि मागे अर्ध्या मीटरवर जुनी ताडपत्री. चौकटीच्या जीआय पाइपांवर फोमच्या नळ्या चढवणं टाळता येणार नाही, कारण उघड्या पाइपवर बसलेला चेंडू थेट तोंडावर येतो. चेंडू जाळ्यापासून ३ मीटरवर ठेवायचा.

मॅट चेंडूखाली आणि पायांखाली सारख्या उंचीची हवी. नुसती चेंडूखाली टाकली तर चेंडू पायांपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर येतो, स्विंग चपटा होतो आणि चेंडू डावीकडे जायला लागतो. मग नसलेल्या रोगावर औषध सुरू होतं.

१२ नोव्हेंबर

मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमवर. दोन जागा ठरवून जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या. समोरून घ्यायचं तेव्हा मोबाइल चेंडूच्या समोर काटकोनात, हातांच्या उंचीवर. मागून घ्यायचं तेव्हा टार्गेटकडे तोंड करून, पण चेंडूच्या रेषेत नाही, हातांच्या रेषेत. इथे वीतभर चूक झाली तरी चित्र खोटं बोलतं. मोबाइल चेंडूच्या बाजूला सरकला तर क्लब फार आतून जाताना दिसतो, खेळाडूच्या पाठीकडे सरकला तर बाहेरून. संध्याकाळी दिव्याखाली चित्र लुकलुकतं, कारण वीज ५० हर्ट्झची. चित्रीकरण सकाळच्या उन्हातच करावं.

मोबाइलला काय दिसत नाही तेही इथेच लिहून ठेवलेलं बरं. क्लबहेड (क्लबचं खालचं डोकं) ताशी १२९ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३६ मीटरनं येत असेल तर दोन फ्रेमच्या मध्ये ते १५ सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं. चेंडू आणि फेस एकमेकांना टेकतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्या क्षणी फेस किती अंश उघडा (उजवीकडे वळलेला) होता हे मोबाइलवरून सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. ते सांगतो चेंडू.

१७ नोव्हेंबर

जुनी शिकवण अशी की चेंडू पाथच्या दिशेनं सुटतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो. लाँच मॉनिटर, म्हणजे सुटणारा चेंडू रडारनं मोजणारी यंत्रं, आली आणि हे उलटं निघालं. चेंडू कुठल्या दिशेनं सुटणार हे मुख्यतः फेस ठरवतो. ड्रायव्हरला सुमारे ८५ टक्के, आयर्नला सुमारे ७५ टक्के. वळण किती येणार ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकावर. आणि हा सगळा हिशेब चेंडू फेसच्या मध्यावर लागला असेल तरच खरा.

उदाहरण घेऊ. पाथ टार्गेटच्या ६ अंश डावीकडे, फेस २ अंश डावीकडे. चेंडू जरा डावीकडून निघतो आणि उजवीकडे वळत जातो. खेळाडू म्हणतो, फेस उघडा राहिला. टार्गेटच्या मानानं फेस बंद, म्हणजे डावीकडे वळलेला होता. उघडा होता तो पाथच्या मानानं, ४ अंश. आता हातानं फेस आणखी ४ अंश मिटवला की वळण जातं आणि चेंडू सरळ डावीकडच्या झाडीत. म्हणजे स्लाइस आणि पुल (सरळ डावीकडे जाणारा चेंडू) एकाच पाथचे. दोन वेगळे दोष समजून दोन वेगळे इलाज करणारे लोक महिनोन्महिने इथेच फिरतात.

ड्रायव्हर स्लाइस होतो आणि नऊ नंबर आयर्न पुल होतं, याचं कारणही हेच. लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) वाढला की फेस-पाथच्या तेवढ्याच फरकावर चेंडू फिरण्याचा अक्ष कमी कलतो, म्हणून वळण कमी. स्विंग तोच, लॉफ्ट वेगळा.

२४ नोव्हेंबर

जाळ्यात वळण दिसत नाही, सुटण्याची दिशा मात्र मोजता येते. चेंडूच्या पुढे १५० सेंटीमीटरवर दोन काड्या उभ्या रोवल्या, मध्ये १५ सेंटीमीटर. चेंडूची जाडी वजा केली की मधून जाणारा प्रत्येक चेंडू दोन अंशांच्या आत सुटलेला असतो. काड्यांसाठी इलेक्ट्रिकवाल्याकडची २० मिलिमीटरची पीव्हीसी नळी पुरते, फुटली तरी हळहळ नाही. डावी काडी पडली की फेस डावीकडे, उजवी पडली की उजवीकडे. इतकं सोपं आणि इतकं स्वस्त दुसरं साधन नाही.

१ डिसेंबर

फेसवर चेंडू कुठे लागतो. व्हाइटबोर्डच्या मार्करनं चेंडूवर रुपयाएवढा ठिपका काढायचा आणि तो फेसच्या बाजूला ठेवायचा. फेसवर छाप उठतो, फडक्यानं पुसला जातो.

ड्रायव्हरला हे पाथच्याही आधी बघावं. हीलच्या (फेसच्या दांड्याकडच्या) बाजूला लागलेला चेंडू उजवीकडे वळतो, टोच्या (लांबच्या टोकाच्या) बाजूला लागलेला डावीकडे. ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो, त्यामुळे फेस मध्याबाहेरच्या माराने फिरतो आणि चेंडूला उलटी फिरकी देतो. आयर्नचा गुरुत्वमध्य फेसला लागून असल्यानं तिथे हा परिणाम फार थोडा. पाथ-फेस सरळ असूनही हीलच्या माराने स्लाइस होतो, आणि तो पाथ सुधारून कधीच जात नाही.

हाच चेंडू लाय अँगल (दांडा जमिनीशी किती उभा हा कोन) तपासायलाही वापरला. ठिपक्याऐवजी सरळ उभी रेघ काढायची, आयर्ननं मारायचं. छापाची रेघ फेसवरच्या खाचांना काटकोनात असेल तर ठीक. रेघेचं वरचं टोक टोच्या बाजूला कललेलं असेल तर क्लब जास्त उभा आहे आणि चेंडू डावीकडे ढकलतो. हीलकडे कललं तर चपटा, चेंडू उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितका हा दोष बोचतो, म्हणून वेजवर (जवळच्या फटक्यांच्या जास्त लॉफ्टच्या क्लबवर) आधी पाहावं. ही तपासणी स्विंगला हात घालण्याआधी व्हायला हवी. वाकड्या क्लबवर सरळ स्विंग बसवायचा म्हणजे हातांना कायमची वाईट सवय लावणं.

८ डिसेंबर

ग्रिप. फेसचा ताबा इथून.

डाव्या हाताची मूठ बोटांत बसवायची, तळव्यात नाही. दांडा तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरका करंगळीच्या बुंध्यापर्यंत, आणि तळव्याची मांसल गादी वरून त्याच्यावर. खाली पाहिल्यावर दोन ते अडीच बोटांची हाडं दिसावीत. स्लाइसवाल्यांच्या हाताला बहुतेक एकच दिसतं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांतली खाच उजव्या खांद्याकडे. मूठ बदलल्यावर पहिले काही दिवस चेंडू डावीकडे जातील. ते बरोबर आहे, कारण पाथ अजून जुनाच, डावीकडचा. नेमकी इथेच माणसं घाबरून जुनी मूठ पुन्हा धरतात.

दांड्यावरचं रबरी आवरण, तेही ग्रिपच, गुळगुळीत झालं की सगळं वाया जातं. हात सुटेल म्हणून मूठ आवळली जाते, मनगट अडतं, फेस मिटत नाही. महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात घासून वाळवाव्या. चकाकी गेली नाही तर बदलाव्या. घरी होतं. जुनी ग्रिप हुक ब्लेडनं अंगापासून लांब कापत न्यायची; ग्राफाइटच्या शाफ्टवर (दांड्यावर) साधं ब्लेड चालवलं तर तंतू कापले जातात. जुनी टेप खरवडून काढायची. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लांबीनं लावायची, वरच्या टोकाला सेंटीमीटरभर जास्त ठेवून शाफ्टच्या आत दुमडायची. नव्या ग्रिपच्या टोकाचं छिद्र बोटानं बंद करून आत हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन घालायचं, हलवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप ढकलायची. मध्ये थांबलं की अर्ध्यात अडकते, मग ती कापूनच काढावी लागते. ग्रिपची खूण फेसशी जुळवायला मिनिटभर मिळतो. रात्रभर सुकू द्यावी, आणि हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब.

२२ डिसेंबर

आता लो पॉइंट, म्हणजे क्लबहेडचा कमानीतला सगळ्यात खालचा बिंदू. आयर्नमध्ये चांगले खेळाडू आणि बाकीचे यांच्यातला मोठा फरक इथेच आहे. चांगल्यांचा लो पॉइंट चेंडूच्या पुढे ८ ते १० सेंटीमीटरवर पडतो, म्हणून आधी चेंडू आणि मग माती. बाकीच्यांचा चेंडूच्या मागे, म्हणून एकदा फॅट आणि एकदा थिन. क्लब मातीत आधी घुसला तर फॅट. घुसला नाही आणि वर येताना चेंडूच्या कमरेला लागला तर थिन. दोष एकच.

मॅटवर हे कळत नाही. क्लब चेंडूच्या पाच सेंटीमीटर मागे आपटला तरी मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो आणि शॉट बरा वाटतो. खऱ्या जमिनीवर तोच शॉट निम्मं अंतर जातो. मॅटवर सराव असेल तर चेंडूच्या मागे १० सेंटीमीटरवर दुमडलेला टॉवेल ठेवायचा. लागला की शॉट बाद.

खरी परीक्षा चुन्याची. मोकळ्या जागेत चुन्याची दोन मीटरची रेघ, टार्गेटच्या दिशेला आडवी. चेंडू नाही. रेघ स्टान्सच्या (दोन पायांच्या) मध्यावर घेऊन स्विंग करायचा, एक पाऊल सरकायचं, पुन्हा. क्लबनं मातीत उठलेले सगळे व्रण रेघेवर किंवा रेघेच्या टार्गेटकडच्या बाजूला सुरू व्हायला हवेत. नागपूरच्या काळ्या मातीत डिसेंबरपर्यंत ओल असते, व्रण स्वच्छ उठतो. फेब्रुवारीनंतर तीच जमीन दगड होते आणि मनगटं दुखतात, त्यामुळे हे काम आत्ताच उरकावं.

व्रण मागे पडण्याची कारणं दोन, आणि ती वेगळी ओळखायला हवीत. एक, पायावरचा दाब उजवीकडेच राहिला. दोन, मनगटाचा कोन आधीच सुटला. समोरून घेतलेल्या चित्रात डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली येताना) डावा हात जमिनीला समांतर आला तिथे थांबवायचं. तोपर्यंत बहुतेक दाब डाव्या पायावर आलेला दिसायला हवा: डावा गुडघा पायाच्या वर, उजवी टाच हलकी. तो आला नसेल तर मनगटाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दाब मागे असताना मनगट उशिरा सोडलं तर क्लब चेंडूपर्यंत पोहोचतच नाही. अंगाला ते माहीत असतं, म्हणून ते मनगट लवकर सोडतं.

दाब म्हणजे धड पुढे झोकणं नव्हे. डोकं चेंडूच्या पुढे गेलं की क्लब उभा खाली येतो आणि पुल सुरू होतो. सरावासाठी पाय जुळवून उभं राहायचं, आणि क्लब अजून वर जात असतानाच डावा पाय टार्गेटकडे टाकायचा. क्लब वर पोहोचून मग पाय टाकला तर उशीर झाला. अर्ध्या वेगानं, लहान स्विंगनं.

१९ जानेवारी २०२५

पाथ. आता यायचं कारण असं की बाहेरून आत (अंगापासून लांबून अंगाकडे) येणारा पाथ बरेचदा मूळ दोष नसतोच. चेंडू उजवीकडे जातो, म्हणून डोळे आणि हात डावीकडे ओढतात. स्टान्स डावीकडे वळतो, त्यानं पाथ आणखी डावीकडे, स्लाइस आणखी मोठा. फेस ताळ्यावर आला की पाथ थोडा आपोआप सरळ होतो. उरलेल्यावर इलाज: चेंडूच्या १५ सेंटीमीटर मागे आणि रेषेच्या चार-पाच सेंटीमीटर बाहेर थर्मोकोलचा ठोकळा. बाहेरून आलेला क्लब त्याला लागतो. लाकूड किंवा वीट ठेवू नये.

आयर्नला चेंडू फार पुढे, डाव्या पायासमोर ठेवला तरी पाथ डावीकडे मोजला जातो, कारण तोपर्यंत कमान डावीकडे वळलेली असते. सात नंबरला स्टान्सच्या मध्यापासून चेंडूभर पुढे पुरतं.

२ फेब्रुवारी

थोडं गणित, पण उपयोगाचं. क्लब तिरक्या पातळीवर फिरतो, त्यामुळे वरून खाली मारताना त्याचा पाथ उजवीकडे सरकतो आणि खालून वर मारताना डावीकडे. सात नंबरला ४ अंश खाली मारलं आणि ती पातळी जमिनीशी ६० अंशांची असली तर पाथ सुमारे २.३ अंश उजवीकडे. ड्रायव्हरला ३ अंश वर, पातळी ४७ अंशांची, तर जवळपास तेवढाच, २.८ अंश डावीकडे.

अर्थ असा की आयर्न सरळ जायला स्विंगची कमान किंचित डावीकडे हवी, आणि ड्रायव्हरला उजवीकडे. एकाच रोखानं उभं राहून दोन्ही क्लब मारणारा कुठेतरी अडकतोच. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेसमोर, टी (चेंडूखालची खुंटी) इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या माथ्यावर दिसावा, उजवा खांदा डाव्याहून खाली, आणि पाठ टार्गेटपासून किंचित मागे कललेली. चेंडू पुढे ठेवला पण खांदे टार्गेटच्या डावीकडे उघडले तर सगळा फायदा गेला. इथे क्लब खांद्यांवर आडवा धरून खांद्यांची रेघ तपासावी, पायांची नाही. पाय सरळ आणि खांदे उघडे हे फार लोकांत दिसतं.

२३ फेब्रुवारी

लय. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग (क्लब वर नेणं) आणि डाउनस्विंग यांचं प्रमाण ३ ला १ च्या आसपास असतं, मग एकूण वेग कमी असो की जास्त. २४० फ्रेमवर मोजायचं: क्लब पहिल्यांदा हलतो तिथून परत फिरतो तिथपर्यंत १९२ फ्रेम, तिथून चेंडूपर्यंत ६४, म्हणजे ०.८ आणि ०.२७ सेकंद. मेट्रोनोमचं अ‍ॅप मिनिटाला २२५ ठोक्यांवर लावायचं. पहिल्या ठोक्यावर सुरुवात, चौथ्यावर वरून परत, पाचव्यावर चेंडू.

“हळू मार” हा सल्ला इथे उघडा पडतो. हळू म्हटलं की माणूस बॅकस्विंग लांबवतो, डाउनस्विंग तेवढाच राहतो आणि प्रमाण ४ ला १ च्या पुढे जातं. वर गेलेला क्लब थबकतो आणि मग खांदे त्याला ओढतात. बहुतेकांना बॅकस्विंग थोडा चपळ करावा लागतो.

१६ मार्च

छाप पुन्हा हीलकडे सरकले. मागून घेतलेल्या चित्रात डाउनस्विंगला कंबर चेंडूकडे येते, हातांना जागा उरत नाही. उभं राहताना दोन्ही नितंबांना टेकेल असं मागे उभं केलेलं संत्र्यांचं रिकामं क्रेट, एकावर एक रचून. बॅकस्विंगला उजवा नितंब टेकलेला, डाउनस्विंगला डावा. सुटला की स्विंग थांबवायचा. आधी रिकामा स्विंग, मग अर्धा, मग चेंडू. उंची कमी पडली तर भिंत. वजन पायाच्या बोटांवर असेल तर आधी ते मधोमध आणावं, निम्मी अडचण तिथेच असते.

१३ एप्रिल

जाळ्यातून मैदानावर. चालू स्विंगमध्ये डोक्यात एकच गोष्ट, आणि ती अंगाबाहेरची. १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना पिच शॉट (जवळचे उंच फटके) शिकवले. क्लबच्या झुल्यावर लक्ष ठेवणारे हातांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा चांगले शिकले. म्हणून मैदानावर “डावा नितंब मागे” नाही, “व्रण चेंडूच्या पुढे” किंवा “चेंडू डाव्या काडीच्या आतून” असं.

एकाच क्लबनं रांगेनं चेंडू मारणं हे नवी हालचाल बसवण्यापुरतं ठीक. त्यानंतर प्रत्येक शॉटला क्लब आणि टार्गेट बदलावं, मैदानावर तसंच असतं. सरावात वाईट दिसेल, दिसू द्यावं.

१८ मे

मैदान सकाळी साडेपाच ते आठ. डिसेंबरच्या १२ अंशांच्या मानानं ४२ अंशांची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, चेंडू लांब जातो. हिवाळ्यातले अंतराचे आकडे आता वापरू नयेत. क्लबप्रमाणे नव्यानं लिहावे, आणि आकडा चेंडू पडला तिथपर्यंतचा, घरंगळत थांबला तिथपर्यंतचा नाही. वाळलेल्या जमिनीवर घरंगळणं भलतंच वाढतं.

किट गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. आतल्या उष्णतेनं क्लबहेडचा इपॉक्सी ढिला पडतो. शाफ्टच्या तोंडाशी असलेली काळी कडी वर सरकलेली दिसली तर तो क्लब त्या दिवशी मारू नये, हेड उडू शकतं.

२२ जून

पाऊस लागला. वेज बदलले. उन्हाळ्याच्या कडक जमिनीवर ४ ते ६ अंश बाउन्स (वेजच्या तळाचा कोन) बरा. जास्त बाउन्स असला तर तळ उसळतो आणि कड चेंडूच्या कमरेला लागते. आता ओल्या काळ्या मातीत तोच कमी बाउन्सचा वेज फावड्यासारखा रुततो. १० ते १२ अंशांचा घ्यावा, फेस थोडा उघडावा, शाफ्ट पुढे कमी झुकवावा, कारण जितका पुढे झुकेल तितका बाउन्स कमी होतो. खाचांतली माती प्रत्येक शॉटनंतर ब्रशनं काढावी, वाळली की सिमेंट होते.

चेंडूला चिखल लागला आणि उचलून पुसायची मुभा नसेल, तर चिखल उजव्या बाजूला असल्यास चेंडू साधारणपणे डावीकडे जातो, डाव्या बाजूला असल्यास उजवीकडे. एक क्लब जास्त घेऊन छोटा स्विंग करावा; वेग कमी, वळणही कमी.